पुसू नये

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला मोठ्या मनाची वगैरे समजायला नको. या माणसाचा मी अकरा वर्षं हेवा केला. सकाळी बारामतीच्या स्टँडवर इंदापूर गाडीत बसले की तो सुरू व्हायचा आणि संध्याकाळी परत उतरेपर्यंत चालायचा. मे महिन्यात जरा कमी व्हायचा, जूनमध्ये शाळेबरोबर पुन्हा उघडायचा.

ते सर आणि मी एकाच शाळेत विज्ञान शिकवायचो. भाग एक त्यांच्याकडे, भाग दोन माझ्याकडे. शाळा बारामती-इंदापूर रस्त्याला लागून, तीन बाजूंना ऊस. गाळप सुरू झालं की उसाच्या ट्रॉल्या शाळेसमोरून जातात, आणि ट्रॅक्टरवरच्या गाण्यापुढे कुठल्याही शिक्षकाचं काही चालत नाही. आम्ही सगळे खडू हातात धरून ट्रॉली जायची वाट बघत उभे राहायचो. सर मात्र वर्ग घेऊन बाहेर यायचे आणि मुलांना विचारायचे, "आवाज लांब गेल्यावर कसा बदलला, कुनाला कळलं का?" म्हणजे आमचा तास बुडायचा आणि यांचा व्हायचा. तिथपासून माझं दुखणं सुरू झालं.

दिसायला ते शिक्षक वाटायचेच नाहीत. जुन्या एम-एटी दुचाकीवरून यायचे आणि तिला पाणी न्यायच्या पीव्हीसी पाईपचा हातभर तुकडा आडवा बांधलेला असायचा, दोन्ही तोंडांना टोपणं लावलेला. रस्त्यावरच्या लोकांना वाटायचं, निघाले पाइपलाइन जोडायला. आत त्यांची चित्रं असायची.

त्यांच्या बोलण्याचाही मला राग होता. एम.एस्सी. झालेला माणूस, वर्गात 'हितं बगा', 'तितं न्हाय' असं बोलायचा. मी लहानपणी 'हाय' म्हटलं की वडील टपली मारून 'आहे' म्हणायला लावायचे. "त्येंनी कसं बी बोल्लं तरी चालतं, आपल्याला न्हाय चालत," म्हणायचे. आमची ही भाषा अशी एकेक शब्द घासून आणलेली. सरांचं नरसिंहपूरकडे बागायत, घराण्याला मान. त्यांना चालत होतं. आणि मुलांना ते आपले वाटायचे, मी परकी. मुलांसारखंच घर असलेली खरं तर मी होते.

माझे वडील इंदापूरला हायवेच्या कडेला ट्रक रंगवायचे. मागच्या फळीवर मोर, कमळ, मालकाच्या पोरांची नावं. दोन्ही दारांवर मालकाचं नाव. रंगवणाऱ्याचं नाव कुठंच नाही. आमच्या वस्तीतल्या विहाराच्या भिंतीवरचं कमळही त्यांचंच, तिथेही नाव नाही. जमीन आम्हाला नव्हती. वडिलांकडे ब्रश होता आणि माझ्याकडे खडू आला. माझ्या फळ्यावरच्या आकृत्या बघायला दुसऱ्या शाळेतले शिक्षक यायचे, हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. बरं, फुशारकी म्हणूनच सांगते. मानवी हृदय काढायचं तर खडूचा भुगा करून बोटाने छटा द्यायची, रोहिणी लाल, नीला निळी, झडपा अशा की आत्ता उघडतील. मग कोपऱ्यात चौकट करून लिहायचं : पुसू नये.

माझ्यानंतर त्याच वर्गावर सरांचा तास असायचा. एकदा डावीकडची वीतभर जागा सोडून सगळा फळा हृदयाने भरलेला होता. ते दारात उभे राहून बराच वेळ बघत राहिले.

"बाई, ह्यो हात कुनी दिला तुमाला?"

मी वडिलांचं सांगितलं.

"नाव काय त्येंचं? पुरं सांगा."

मी पूर्ण नाव सांगितलं. ते मनाशी एकदा पुटपुटले आणि त्या वीतभर जागेत मुंगीएवढ्या अक्षरात शिकवायला लागले. मला वाटलं, मुद्दाम करताहेत. माझ्या पसाऱ्यात त्यांना जागा उरत नाही, हे मुलांना दाखवताहेत.

आता त्यांच्या शनिवारांबद्दल. शनिवारी आमची सकाळची शाळा. प्रार्थनेच्या आधी येऊन सर व्हरांड्यातल्या दोन खांबांना नायलॉनची दोरी बांधायचे, पाईपचं टोपण उघडायचे, आतली गुंडाळी काढायचे आणि कपड्यांच्या चिमट्यांनी एक चित्र दोरीवर टांगायचे. ही चित्रं इंदापुरात वाढदिवसाचे बोर्ड छापणाऱ्या फ्लेक्सवाल्याकडून, उरलेल्या पट्टीवर छापून घेतलेली. चित्राखाली एक अक्षर नाही. शेजारी खोक्यात कोऱ्या चिठ्ठ्या. मुलांनी येता-जाता बघायचं आणि चिठ्ठीवर फक्त दिसतं ते लिहायचं. सोमवारी प्रार्थनेनंतर सर चित्र उलटं करायचे. मागच्या पांढऱ्या बाजूला ते कुणी काढलं, फोटो कुणी घेतला, त्याचं नाव. मग त्या माणसाची गोष्ट. "फुडून चित्र, मागनं मानूस," असं म्हणायचे. मुलांनी त्यांचं नावच पाठपोट सर ठेवलं होतं.

चित्रं साधीसुधी नसायची. ज्या चित्रामुळे शहाण्या माणसांना आपलं म्हणणं बदलावं लागलं, तेवढीच पाईपात जायची. पहिलं मला आठवतं ते हाडांच्या हाताचं. एका बोटात अंगठी, जाडजूड काळी. मुलांनी 'भुताचा हात' लिहिलं, 'फ्रॅक्चर झालंय' लिहिलं, एकाने 'लग्न झालेल्या भुताचा हात' लिहिलं. सोमवारी कळलं की जित्या माणसाची हाडं जगाने पहिल्यांदा पाहिली त्या दिवसांतला तो क्ष-किरणांचा फोटो, काढणाऱ्याने स्वतःच्या बायकोचा हात धरून घेतलेला. मागे दोन नावं होती. शोध लावणाऱ्याचं एक, आणि त्याच्यावर, जरा मोठ्या अक्षरात, त्या बायकोचं. "हात तिचा हाय," सर म्हणाले. "ती हालली आस्ती तर ह्यो काय करनार व्हता?" ती परदेशी नावं मला तेव्हाही धड म्हणता येत नव्हती. मुलं मात्र घरी जाऊन आयांना सांगायची.

मग कृष्णविवराचा फोटो आला. जगभरच्या काही दुर्बिणी एकत्र जोडून काढलेला, नारिंगी कडं आणि मध्ये काळोख. मुलांनी 'मेदूवडा' आणि 'गॅसची शेगडी' लिहिलं. फ्लेक्सवाल्याने सवयीने खाली 'शुभेच्छुक : समस्त मित्रपरिवार' छापलेलं होतं. सरांनी ते कापलं नाही. "फोटू काडायला शेकड्यांनी मानसं लागली," म्हणाले, "मित्रपरिवारच की त्यो."

एकदा चंद्र लावला होता, फोटो नव्हे, हाताने रंगवलेला. चंद्र गुळगुळीत आहे, असं चारशे वर्षांपूर्वी सगळ्यांनी धरलेलं होतं. एकाने दुर्बिणीची नळी डोळ्याला लावून जे दिसलं ते कागदावर उतरवलं, तर उजेड आणि अंधार यांच्यातली रेघ वाकडीतिकडी आली. डोंगर असल्याशिवाय तशी सावली पडत नाही. ही गोष्ट सांगून झाल्यावर सर माझ्याकडे वळून म्हणाले, "त्यो गडी चित्रं काडायला शिकल्याला व्हता, म्हनून त्याला सावली वळाकली. माज्यासारक्याला नुस्तं डाग दिसलं आस्तं." मला वाटलं, सगळ्यांसमोर लोणी लावताहेत. मी हसून दुसरीकडे बघितलं.

त्यांचा एकच प्रश्न असायचा : "दिसलं, का म्हाईत व्हतं?" मुलाने उत्तर दिलं की हा प्रश्न. शिपाईमामांनी 'टाकी भरली' म्हटलं तरी हाच. मुख्याध्यापकांनी 'यंदा निकाल चांगला लागणार' म्हटलं तेव्हाही हाच. आणि एखाद्याने खरोखर बघून काही लिहिलेलं असलं तर चिठ्ठीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एकच शब्द : दिसलं. ती चिठ्ठी मिळालेली मुलं ती कंपासपेटीत ठेवायची. माझी 'उत्कृष्ट' आणि 'छान' लिहिलेली वहीची पानं विमानं होऊन उडायची.

पण माझ्या वर्मी लागलं ते कांद्याच्या वेळी. मी दोन दिवस प्रशिक्षणाला पुण्याला गेले होते. नववीचं कांद्याच्या सालीचं प्रात्यक्षिक तेव्हाच होतं, ते सरांनी घेतलं. मी परत आले आणि प्रयोगवह्या बघितल्या. एकोणचाळीस वह्यांत सुरेख आकृती : विटांसारख्या पेशी, प्रत्येकीत केंद्रक, पट्टीने ओढलेल्या रेघा आणि नावं. थेट माझ्या फळ्यावरची. आणि एकोणचाळीसही आकृत्यांवर सरांचं लाल प्रश्नचिन्ह. चाळिसावी वही मागच्या बाकावरच्या एका मुलीची. हिची आकृती कधी धड आलेली मला आठवत नव्हती. हिने एक जाड काळं वर्तुळ काढलं होतं, आत काही नाही, बाहेर काही नाही. आणि कोपऱ्यात पेन्सिलीने : दिसलं.

मी वह्यांचा गठ्ठा घेऊन तरातरा स्टाफरूममध्ये गेले.

"सर, हे काय आहे? एकोणचाळीस मुलांनी बरोबर काढलंय त्यांना प्रश्नचिन्ह, आणि जिला बुडबुडा आणि पेशी यातला फरक कळत नाही, तिला—"

"बसा बाई."

"मी उभीच बरी आहे."

"त्या दिशी कांदाच न्हवता."

"म्हणजे?"

"काचपट्टीवर नुस्तं पानी ठिवलं व्हतं. वर झाकनकाच. तिच्यात हवंचा येक बुडबुडा ऱ्हायला, तेवडाच." मग अगदी मनापासून म्हणाले, "पोरांनी कांदं लई देकनं काडलं बगा. पर तितं न्हवतं वो."

शिपाईमामा चहा ओतता ओतता हसले आणि चहा बशीत सांडला. मला वाटलं, जमीन फाटली तर बरं होईल. संध्याकाळी मी एसटीतून उतरायच्या आत ही गोष्ट बारामतीत पोचली होती. नणंदेने फोन करून विचारलं, "वहिनी, कांद्याशिवाय कांदा कसा काढायचा?"

खरं सांगते, त्यांचं बरोबर होतं हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं होतं. कळलं म्हणूनच जास्त झोंबलं. इतकी वर्षं मी मुलांना डोळे दिले असं समजत होते, आणि दिला होता माझा फळा.

त्या वर्षी शिक्षकांच्या नवोपक्रम स्पर्धेचं परिपत्रक आलं. मुख्याध्यापक म्हणाले, "आपल्या शाळेचा एक तरी प्रस्ताव गेला पाहिजे. सरांच्या शनिवारचं पाठवू या." सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "त्यात लिवायचं काय? दोरी हाय, चिमटं हायत." मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बघितलं. माझं अक्षर चांगलं आहे.

मी आठ दिवस बसून लिहिलं. उद्दिष्टं, कार्यवाही, मुलांचे प्रतिसाद, सगळं. फोटो काढले, कडेने नक्षी काढली. शेवटी 'उपक्रमशील शिक्षकाचे नाव' असा रकाना आला. तिथे पेन थांबला, हे खरं. मग मनाला सांगितलं, लिहिलं मी, फोटो मी काढले, ते तर एक ओळही लिहायला तयार नव्हते. मन लगेच पटवून घेतं. मी माझं नाव लिहिलं. मुख्याध्यापकांनी न वाचता सही केली.

पहिला क्रमांक आला. बारामतीत सभागृहात बक्षीस समारंभ होता, एका शनिवारी सकाळी. शाल, श्रीफळ, सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र. परीक्षकांनी माईक माझ्या हातात दिला आणि विचारलं, "ही कल्पना कशी सुचली तुम्हाला?" मी म्हणाले, "माझे वडील ट्रक रंगवायचे. चित्राची ताकद मी त्यांच्याकडून शिकले." टाळ्या पडल्या. बापाचं नाव आयुष्यात पहिल्यांदा माईकवर घेतलं, ते खोटं पचवायला.

सोमवारी रजा टाकली. मंगळवारी शाळेत गेले तर फाटकापाशी ती मागच्या बाकावरची मुलगी धावत आली. "बाई, शनिवारी न्हवं का—" शनिवार हा शब्दच मला नको होता. "वर्गात जा," मी म्हटलं. ती गेली. मुलांच्या घोळक्यापासून मी त्या आठवड्यात लांबच राहिले. आणि सरांपासून तर कोसभर.

पुढच्या शनिवारी दोरीवर एक विचित्र चित्र होतं. करडं वर्तुळ आणि त्यात काळ्या पट्ट्यांची फुली. मुलांनी 'वाघाच्या अंगावरचे पट्टे', 'बैलगाडीचं चाक', 'जिना वरून बघितल्यावर' असं लिहिलं. सोमवारी सरांनी गोष्ट सांगितली. आपल्या सगळ्यांच्या अंगात, पेशीपेशीत, एक पिळाची शिडी असते, डीएनए म्हणतात ती. आईबापाचं नाक-डोळे पोरात उतरतात ते तिच्यातून. ही शिडी अशी पिळाची आहे हे या फोटोमुळे उमगलं. तो एका बाईंच्या प्रयोगशाळेत, त्यांच्या देखरेखीखाली काढलेला. त्यांना न विचारताच तो दुसऱ्यांना दाखवला गेला. त्या दुसऱ्यांनी शिडी उभी केली, त्यांचं जगभर नाव झालं, मोठं बक्षीस मिळालं. तोवर त्या बाई वारल्या होत्या.

सरांनी फ्लेक्स उलटा केला. मागे त्या बाईंचं नाव. "आनी खाली आजून येक हाय," ते म्हणाले. "बाईंच्या हाताखाली शिकनाऱ्या पोराचं. यंत्रापाशी बसून फोटू त्यानं घेतला. कुनाला गाळायचं न्हाय."

मी खांबाला टेकून उभी होते. प्रार्थना सुटल्यावर मी त्यांना प्रयोगशाळेत गाठलं.

"टोमणाच मारायचा होता तर तोंडावर मारायचा, सर. मुलांपुढे कशाला?"

"कसला टोमना?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"बक्षीस मिळालं म्हनत व्हतं हेडमास्तर. बेस झालं. कागुद लिवायचं काम लई अवगाड, मला न्हाय जमत." दोन क्षण त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "ह्यो फोटू वरीसभर पाईपात पडून व्हता वो. ह्येचा लंबर आज लागला. तुमी त्येच्या आदल्या शनिवारचं बगितलं न्हाय व्हय?"

"मला तुमचे शनिवार बघायला वेळ नाही," असं म्हणून मी निघून आले.

त्यांनी भांडण केलं असतं, मला नावं ठेवली असती, निदान एक दिवस अबोला धरला असता तरी मला बरं वाटलं असतं. त्या माणसाला माझा हेवा वाटावा, एकदाच, चहाच्या घोटाएवढा, याच्यासाठी मी काहीही दिलं असतं. पण त्यांचं दुसऱ्या दिवशी पुन्हा 'बाई, ह्यो हात कुनाला येत न्हाय' सुरू. मला ते अंगाला लागू द्यायचंच नव्हतं.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. निरोप समारंभात भाषण केलं नाही. जाताना पाईप माझ्या हातात दिला. "शनिवार आता तुमचा." कंडक्टरने विचारलं, बाई, विहिरीवर मोटर बसवली काय? घरी येऊन मी तो माळ्यावर टाकला. एक शनिवार गेला, दोन गेले. मुलांनी विचारलं, मी म्हटलं, परीक्षा झाल्यावर बघू. पुढे मुलांनी विचारणं सोडलं. दोरी तेवढी खांबांना तशीच राहिली.

गेल्या वर्षी सासूबाईंना घेऊन बारामतीत डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. डोळ्याच्या आतला पडदा दाखवणारं एक यंत्र असतं, त्याच्यावर एक मुलगी बसली होती. सासूबाईंची हनुवटी टेकवता टेकवता ती माझ्याकडे बघून हसली.

"बाई, वळाकलं का? बुडबुडा."

मग ओळखलं. ती म्हणाली, सर येऊन गेले. त्यांना आता मधलं दिसत नाही, कडाकडाचं तेवढं दिसतं. पुढे फारसं काही करता येण्यासारखं नाही. "मी फोटो काढला तर लहान पोरावानी खूश झाले. म्हनले, माज्याच डोळ्यात काळं विवर झालं बग. प्रिंट मागून घेतली आनी तिच्यामागं माझं नाव माझ्याकडनंच लिवून घेतलं." हे सांगताना तिचा चेहरा फुलला होता. माझ्या मनात आलं, हिला मीही शिकवलंय की. पाच वर्षं शिकवलंय.

"शनिवारचं चित्र लावता न्हवं बाई?" तिने विचारलं.

"हो, लावते की," मी म्हटलं.

"तुमचं बी हाय त्यात. तुमी बगितलंच असंल म्हना."

मी पुन्हा हो म्हटलं. घरी येऊन सासूबाईंना औषध घातलं, स्टूल घेतलं आणि पाईप काढला.

हाडांचा हात निघाला, मित्रपरिवारासकट कृष्णविवर निघालं, चंद्र निघाला, ती फुली निघाली. सगळ्यात आतल्या गुंडाळीत माझं हृदय होतं. वर्गातल्या फळ्याचा फोटो, कडेपर्यंत. लाल रोहिण्या, निळ्या नीला, कोपऱ्यात चौकटीत 'पुसू नये', आणि डावीकडे वीतभर जागेत सरांची मुंगीएवढी अक्षरं. त्याच गुंडाळीत रबर लावलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता आणि वरच्या चिठ्ठीवर सरांनी तारीख घातली होती. ती तारीख मला पाठ आहे. ती माझ्या प्रमाणपत्रावरही आहे.

म्हणजे मी बारामतीत शाल पांघरून त्यांचा शनिवार माझा म्हणून सांगत होते, तेव्हा शाळेत दोरीवर माझं चित्र होतं.

चिठ्ठ्या वाचल्या. बहुतेकांनी 'मानवी हृदय' लिहिलं होतं, कुणी भागांची नावंही. सगळ्यांना माहीत होतं. एकच चिठ्ठी वेगळी होती, त्या मुलीची : 'बाईंनी सगळा फळा घेतलाय. सरांना जागा पुरली नाही. सरांनी बारीक लिहिलं पण पुसलं नाही.' कोपऱ्यात पेन्सिलीने : दिसलं.

मग मी फ्लेक्स उलटा केला. मागे मार्करने लिहिलं होतं, 'हात :' आणि माझं नाव. त्याच्यावर, जरा मोठ्या अक्षरात, 'हाताला वळण :' आणि माझ्या वडिलांचं पूर्ण नाव. वर्गाच्या दारात एकदाच विचारलेलं, एकही काना-मात्रा न चुकता. त्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांची नावं रंगवली होती. त्याचं नाव कुणीतरी लिहिलेलं मी पहिल्यांदा बघत होते. मी फरशीवर बसून रडले. सासूबाई औषध घातलेले डोळे मिटूनच विचारत राहिल्या, काय झालं गं?

त्या शनिवारी मी सातच्या आधी शाळेत गेले. खोक्यात चिठ्ठ्या ठेवल्या आणि दोरीवर चिमटे लावून माझं प्रमाणपत्र टांगलं. खाली एक अक्षर नाही. आताच्या मुलांना हा काय प्रकार, ते आधी कळेना. मग लिहायला लागली. 'बाईंचं बक्षीस', 'सोनेरी बॉर्डर', 'बाईंचा पहिला नंबर'. पाचवीतल्या एकीने लिहिलं, 'शिक्का तिरका आहे.' खरंच तिरका होता. प्रमाणपत्र इतकी वर्षं घरी हॉलमध्ये लावलेलं असून मला तो दिसला नव्हता. मी चिठ्ठीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक शब्द लिहिला.

सोमवारी प्रार्थनेनंतर, मुख्याध्यापकांच्या देखत, मी ते उलटं केलं. मागे सरांचं नाव होतं, पूर्ण, मी आदल्या दिवशी लिहिलेलं. लहान मुलांनी विचारलं, हे कोण? मी सांगितलं. दोरी कुणाची, चिमटे कुणाचे, कांदा नसलेला कांदा, आणि प्रमाणपत्रावर नाव कुणाचं असायला हवं होतं. मुख्याध्यापक खाली बघत होते. गोष्ट संपली आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या, जोरात, बराच वेळ. माणूस तिकडे नरसिंहपूरला आपल्या ओट्यावर बसलेला, आणि टाळ्या त्याला. माझ्या पोटात दुखलंच. खोटं कशाला बोलू.

मधल्या सुट्टीत मी फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडे गाय हंबरत होती, त्यांना ऐकू गेलं की नाही कळेना.

"सर, तुमचं नाव मी गाळलं होतं," मी पुन्हा म्हटलं.

"ह्ये तुमाला आत्ता दिसलं बाई, का म्हाईत व्हतं?"

"माहीत होतं."

"मंग दिसायला लई येळ लावला," ते म्हणाले. "दोरी तीच हाय का? बदला ती. उन्हानं कुजली आसंल."

दोरी बदलली. शनिवार चालू आहेत. माझ्या हृदयाचं चित्रही मी एकदा लावलं आणि सोमवारी उलटं करून वडिलांचं नाव मोठ्याने वाचलं. पण एक गोष्ट अजून जात नाही. अकरा वर्षांत त्या माणसाने मला एकदाही 'दिसलं' म्हटलं नाही, आणि त्या बुडबुड्याच्या पोरीला दोनदा लिहून दिलं.